जंगलाला लागून घर: फाल्गुन-चैत्रात पातेऱ्याचं काय करायचं?

घाटपायथा | 3 मार्च, सकाळी 8:40

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातल्या एका घराबद्दल विचारतोय. कौलारू घर, उताराच्या मध्यावर. खालच्या अंगाला पंधरा-वीस मीटरवर रान सुरू होतं: ऐन, किंजळ, कुंभा, आणि मध्येमध्ये कोणे एके काळी लावलेला आकेशिया. वरच्या अंगाला काजू. परड्यात चाळीसेक माड-पोफळी, दोन गुरं, तीन मीटर व्यासाची उघडी विहीर. किंजळ-ऐनाची पानगळ जोरात आहे. अंगण, कौलं, विहीर, गडग्याचा (दगडी कुंपणाचा) पाया, सगळीकडे पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला. रोज झाडून जाळायचा, की साठवायचा? वणव्यासाठी किती जागा साफ ठेवायची? अनुभवी लोकांनी मापांसकट लिहा, "स्वच्छता ठेवा" एवढं नको.

जाळपट्टा | 3 मार्च, सकाळी 10:05

आधी वणवा, कारण त्याला थांबायला वेळ नसतो.

तुमचं रान खालच्या अंगाला आहे, हीच मोठी अडचण. आग चढावर पळते. ज्वाळा वरच्या पानांना आधीच तापवून सुकवतात, म्हणून सपाटीवर माणसाच्या चालीने येणारी आग चढणीवर धावत्या माणसाला गाठते. त्यात दुपारचा खारा वारा समुद्राकडून येतो. म्हणजे पश्चिम उतारावरच्या घराला दुपारी बारा ते पाच ही वेळ सर्वांत वाईट.

भिंतीपासून दोन मीटर काहीच नको. सारवलेलं किंवा चोपलेलं अंगण, तिथे लाकडाची चवड नाही, झावळ्या नाहीत, गोणपाटं नाहीत. त्यापुढे दहा मीटरपर्यंत झाडं असू द्या, पण खाली पातेरा नको आणि जमिनीपासून दोन मीटरपर्यंतच्या फांद्या, सुकलेल्या वेली काढलेल्या हव्यात. वेल म्हणजे आगीची शिडीच. मग रानाच्या कडेने जाळपट्टा: वरच्या आणि बाजूच्या अंगाला तीन मीटर पुरतो, खालच्या अंगाला पाच-सहा मीटर घ्या. पट्टा म्हणजे गवत कापलेली जागा नव्हे, माती दिसली पाहिजे. गवताची खुंटं आणि त्यातला पाला राहिला तर आग दबकत दबकत अलीकडे येते.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: पट्ट्यातला पातेरा लोक रानाच्या बाजूला लोटून देतात. मग बरोबर सीमेवर गुडघाभर ढीग होतो आणि त्याची ज्वाळा पट्टा ओलांडेल इतकी उंच उठते. पातेरा नेहमी घराच्या बाजूला ओढा आणि तिथून उचलून न्या. एकदा केलं की संपलं असंही नाही. ऐन पूर्ण उघडा होईपर्यंत दर आठवड्याला खराटा मारावा लागतो.

गडग्याचा पाया विसरू नका. वाऱ्याने आलेला सगळा पाला तिथेच अडतो. वरून जाणारी विजेची तार फांदीला घासत असेल तर वीज कंपनीला आत्ताच लेखी कळवा, एप्रिलच्या वाऱ्यात ठिणग्या पडतात. गवताची उडवी घरापासून आणि गोठ्यापासून निदान पंधरा मीटर लांब.

कोयता_खराटा | 3 मार्च, सकाळी 11:30

कौलांचं मी लिहितो. मंगलोरी कौलांवर पातेरा तीन ठिकाणी साठतो: दोन उतार मिळतात त्या पन्हळीत, कोन्याच्या कडेला, आणि वळचणीला. उडून आलेली ठिणगी पन्हळीतल्या पाल्यात पडली की खालचा वासा पेटतो आणि आत माळ्यावर धूर भरेपर्यंत कळत नाही. पंधरा दिवसांनी एकदा पन्हळ झाडायचीच.

कौलावर चढताना पाय मधोमध टाकू नका. जिथे वरचं कौल खालच्यावर चढतं तिथे खाली रीप असते, वजन तिथे द्या. त्याहून बरं, शिडी कौलावर आडवी टाकून तिच्यावरून सरका, म्हणजे वजन चार-पाच वाश्यांवर विभागतं. काम सकाळी दहाच्या आत, नंतर कौल पायाला सोसत नाही. झाडताना वरून खाली ओढा. खालून वर लोटलं तर पाला कौलाच्या जोडात घुसतो, आणि पावसात तिथूनच पाणी आत येतं.

कौलं चाळायची घाई आत्ता करू नका. पानगळ संपली की एप्रिलच्या शेवटी एकदाच काढून, धुऊन, फुटकी बदलून घाला. आत्ता चाळलीत तर जूनच्या आत जोडांत पुन्हा पाला बसलेला असतो. शिवाय मधल्या काळात वांदर नाचून चार-दोन सरकवणारच.

माडबाग | 3 मार्च, दुपारी 1:15

पातेरो जाळतास कित्याक? माडाच्या आळ्यात घाला, ओल रवता.

आता नीट. माडाला बुंध्यापासून पावणेदोन-दोन मीटर त्रिज्येचं आळं, त्यात दहा ते पंधरा सेंटीमीटर जाड थर. बुंध्याला चिकटवू नका, वीतभर-दीड वीत जागा मोकळी, नाहीतर वाळवी थेट खोडावर चढते. पोफळीची मुळं वरवर असतात, तिथे पाच-सात सेंटीमीटर पुरे. थर दिल्यावर वर शेणकाला शिंपडा किंवा दोन-चार झावळ्या आडव्या टाका. कोरडा पातेरा तसाच सोडला तर दुपारच्या वाऱ्याने पुन्हा अंगणात. थर घातल्यानंतर शिंपण्याच्या पाळ्या लांबतात. मात्र पाणी आधी द्या आणि पातेरा मग घाला. कोरड्या मातीवर जाड थर घातलात तर वरून दिलेलं थोडं पाणी पालाच पिऊन टाकतो.

आकेशियाचा पाला वेगळा ठेवा. तो चिवट, लवकर कुजत नाही, आणि एकावर एक बसून चटई होते. निम्मा आकेशियाचा शेणात कालवून आणि निम्मा किंजळीचा, असं चालतं. नुसता आकेशिया नको.

घाटपायथा | 3 मार्च, दुपारी 2:02

चाळीस झाडांच्या आळ्यांत बराच जिरेल. तरी उरेल. त्याचं कंपोस्ट?

शेणखत_सडा | 3 मार्च, दुपारी 4:20

कंपोस्ट जरूर, पण आत्ता नाही. सुका पाला कुजवायला पाणी आणि शेण दोन्ही लागतं. शंभर किलो पाल्याला वीस-पंचवीस किलो ताजं शेण आणि मुठीत दाबल्यावर थेंब सुटेल न सुटेल इतकी ओल. मार्च-एप्रिलमध्ये विहीर तळाला चाललेली असताना ती ओल टिकवणं म्हणजे पिण्याचं पाणी ढिगावर ओतणं. अर्धवट ओला ढीग कुजत नाही, त्यात वाळवी होते.

कोकणात खड्डाही खणू नका. पावसात तो भरतो, पाला सडून वास येतो आणि कस वाहून जातो. जमिनीवर ढीग रचायचा: वीतभर पाला, शेणकाला, मूठ-दोन मूठ माती, पुन्हा पाला, कमरेएवढ्या उंचीपर्यंत. मे अखेरीला रचून ठेवा, पहिल्या सरी पिऊ द्या आणि मग वर ताडपत्री. महिन्याने एकदा खालवर करा. दिवाळीच्या सुमाराला खत हाती येतं.

तोवर सगळ्यात सोपा मार्ग गोठा. गुरामागे रोज चार-पाच किलो सुका पाला खाली अंथरा, सकाळी मूत-शेणासकट ओढून शेणखताच्या ढिगावर. मूत्रातलं नत्र नाहीतर जमिनीत मुरून वायाच जातं. दोन गुरांना दिवसाला आठ-दहा किलो म्हणजे तीन महिन्यांत सात-आठशे किलो पाला विनापाण्याचा जिरला.

गोचीडनोंद | 3 मार्च, संध्याकाळी 6:45

थांबा. दोडामार्ग म्हणालात, तेव्हा गोठ्यात रानातला पाला नेण्याआधी हे वाचा.

माकडताप. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात ओळखला गेला आणि 2016 पासून दोडामार्गात रुग्ण सापडले. पसरवते गोचिडीची पिल्लावळ, आणि तिचा जोर थंडीपासून मेपर्यंत. म्हणजे काजू गोळा करण्याचा आणि पातेरा ओढण्याचा जो हंगाम, तोच तिचा. पिल्लू तिळाहून लहान असतं, चावलेलं कळतही नाही.

रानात जाताना फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली. हातापायांना आरोग्य केंद्रात मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल. पातेऱ्यावर बसायचं नाही, आडवं तर मुळीच नाही. पाल्याचा भारा उघड्या डोक्याखांद्यावरून आणू नका. गोणीत भरा, तोंड बांधा, ढकलगाडीवरून आणा. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, अंघोळ गरम पाणी-साबणाने, आणि काख, कंबरपट्टा, गुडघ्यामागची खोबण, कानामागे, केसांची कड इथे बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल, चटका, बोटाने चिरडणं, काही नको.

त्यानंतर आठवडाभरात एकाएकी जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी आली तर डॉक्टरांना "रानात पाला ओढायला गेलो होतो" हे स्वतःहून सांगा. मनानेच अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, या आजारात रक्तस्रावाचा धोका असतो. माणसाकडून माणसाला तो होत नाही, त्यामुळे घरच्यांनी रुग्णाला वाळीत टाकायचं कारण नाही.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, पुरू नका, वनविभागाला आणि आरोग्य केंद्राला कळवा. त्या भागातला पाला त्या वर्षी गोठ्यात नाही. गोठ्यासाठी अंगण-परड्यातलाच वापरा, आणि गुरांच्या कानाच्या आत, शेपटीखाली, कासेजवळ गोचीड बघत चला. औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून.

शेणखत_सडा | 3 मार्च, संध्याकाळी 7:10

बरोबर आहे. वरची माझी सूचना परड्यातल्या पाल्यापुरती समजा.

सर्पमित्र_कातळ | 3 मार्च, रात्री 9:00

ढीग करणाऱ्यांसाठी. आपल्याकडे जांभ्याच्या सड्यावर (सपाट कातळावर) फुरसं भरपूर. ते गडग्याच्या फटीत, दगडाखाली, पातेऱ्यात पडून असतं, आणि पाल्याच्या रंगात इतकं मिसळतं की टॉर्च मारूनही चटकन दिसत नाही. घोणसही पाल्यात स्वस्थ पडून राहते, माणूस जवळ आला म्हणून सरकेलच असं नाही.

दंताळ्याचा दांडा निदान पाच फुटी हवा. ढिगाखाली हात घालायचा नाही, कडेपासून आत उकलत जायचं. गमबूट घाला. एक ढीग चार दिवसांहून जास्त एका जागी ठेवू नका, ठेवलात तर उचलण्याआधी काठीने बडवा. गडग्यापाशी ढीग लावणं सर्वांत वाईट, सापाला घर आणि शिकार शेजारीशेजारी. सरपणाची लाकडं दगडांवर आडवे बांबू टाकून वीतभर उंच रचा, खालून झाडू फिरला पाहिजे.

दंश झालाच तर बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. अंगठी-पैंजण काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवा, 108 ला फोन. प्रतिसर्पविष कुठल्या रुग्णालयात असतं हे आजच विचारून ठेवा. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी आहे. साप मारून पिशवीत घेऊन जायची गरज नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात.

पाणाडी | 4 मार्च, सकाळी 7:50

विहिरीचं राहिलं. पाला पाण्यात कुजला की पाणी चहासारखं होतं, वास मारतं, आणि अशा पाण्यात क्लोरीन घातलं तर ते पाल्याच्या गाळावरच खर्ची पडतं. म्हणून आधी पाला थांबवा.

लोक हिरवं शेडनेट सपाट बांधतात. ते पाल्याच्या वजनाने मधोमध झोळी होऊन पाण्यात टेकतं. मध्ये एक बांबू उभा करून किंवा पाइपची कमान करून जाळी तंबूसारखी ताणा, पाला घसरून कडेला पडतो. किंजळ-ऐनाची मोठी पानं मासेमारीच्या इंचभर जाळीवर अडतात. आकेशियाची अरुंद पानं त्यातून सरळ आत जातात, तिथे शेडनेटच लागेल.

उपसा एप्रिलच्या शेवटी, पाणी कमीत कमी असताना. उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने पाण्यापर्यंत सोडा. विझला तर उतरायचं नाही. विझला नाही म्हणून सगळं ठीक, असंही नाही. आधी पाल्याची मोठी फांदी दोरीने वरखाली करून हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. डिझेल पंप विहिरीत उतरवून चालवणं ही आत्महत्याच. त्याचा धूर विहिरीतच कोंडतो आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो.

ब्लीचिंगचा हिशोब: व्यास गुणिले व्यास गुणिले 0.785 गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर 14.13 घनमीटर, म्हणजे 14,130 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणून 35 ग्रॅम. बादलीत कालवा, दहा मिनिटं बसू द्या, तळाचा चुना टाकून वरचं निवळ तेवढं घ्या. ते बादलीने पाण्यात खाली सोडून हिसके द्या. निदान तासभर पाणी काढू नका. पुडी उघडी राहून दमट झाली असेल तर क्लोरीन उडालेलं असतं. मग माप बरोबर असूनही उपयोग शून्य.

मिरगआधी | 4 मार्च, सकाळी 9:25

भाजावळीचं कोणीच बोललं नाही. पातेऱ्याचा जुना गिऱ्हाईक राबच, म्हणजे भाताची रोपं करण्यासाठी पाला जाळून भाजलेली जमीन. दहा गुंठे लावणीला एक गुंठा राब: खाली शेण, मग टाहाळ (तोडलेल्या पानांच्या फांद्या), मग पातेरा, गवत, आणि वर बारीक माती. माती नीट घातली की आग धुमसत जाते, जमीन तापते आणि तणाचं बी मरतं. माती कमी पडली तर भडका उडून दहा मिनिटांत खेळ खलास, जमीन गार ती गारच.

जाळपट्टावाले रागावतील, पण करायचीच तर पहाटे, वारा पडलेला असताना, सातच्या आत. पेटवायची वाऱ्याच्या उलट टोकाने, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. चारी बाजूंनी तीन मीटर माती उघडी, दोनशे लिटरचं पिंप भरलेलं, आणि धूर पूर्ण विझेपर्यंत माणूस तिथेच.

जाळपट्टा | 4 मार्च, सकाळी 10:10

रागावत नाही, पण मोजतो. हंगामातले बरेच वणवे असेच "वारा पडला होता" म्हणणाऱ्या राबातून सुटतात. ज्याच्या शेताला लागून रान आहे त्याने भाजावळ सोडावी असं माझं स्पष्ट मत. गादीवाफा करा: मीटरभर रुंद, वीतभर उंच, भरपूर कुजलेलं शेणखत. तणासाठी पहिल्या सरीनंतर उगवलेलं एकदा खुरपून मग पेरा. राखेतलं पालाश हवं असेल तर चुलीची राख चाळून टाका. टाहाळासाठी ऐन-किंजळ ओरबाडणंही वाचतं.

आणि कायद्याचं: राखीव वनात आग लावणं किंवा आपली आग तिथे पसरू देणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. वणवा दिसला तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक.

आग आलीच तर तोंडावर जाऊ नका, बाजूंनी दाबत या. चार-पाच फुटांची ओली पानांची फांदी झोडपायला, अंगात सुती कपडे. नायलॉन अंगाला चिकटतं. वीज आधी जाते, मोटर चालणार नाही, म्हणून टाकी आणि पिंपं दुपारच्या आत भरलेली असू द्या. फवारणीचा 16 लिटरचा पाठीवरचा पंप मोठी आग विझवत नाही, पण धुमसती खोडं विझवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. उतारावर जळका ओंडका घरंगळत खाली जाऊन नवी आग लावतो, तो आडवा अडवून ठेवा. गुरांची दावी सर्वांत आधी सोडा.

रानकोंबडी | 4 मार्च, दुपारी 12:40

एक विनंती. वर सांगितलेला पट्टा आणि परडं सोडून पुढचं रान झाडू नका. तिथला पातेरा मातीतली ओल धरून ठेवतो, आणि रानकोंबडी याच दिवसांत जमिनीवर, पाल्यातच अंडी घालते. कुंभ्याची रात्री उमललेली फुलं सकाळी खाली पडतात, ती खायला भेकर येतं. तेवढी जागा साफ करून कुणाचं भलं होणार नाही.

आणि "सुकलेलं, पोकळ" म्हणून जुना बेहडा किंवा सातवीण आत्ता तोडू नका. फेब्रुवारी ते मे धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते. लिंपणाची उभी चीर आणि खाली बिया-विष्ठेचा सडा दिसला तर ढोली चालू आहे. तशीही ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, फणस, आंबा ही झाडं मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, 1964 चा वृक्षतोड कायदा आहे. धोकादायक फांदी असेल तर तेवढीच छाटा, तीही पिल्लं उडाल्यावर.

काजूबी | 4 मार्च, दुपारी 3:30

वरच्या अंगाच्या काजूखाली मात्र झाडाच्या सावलीपुरती जमीन स्वच्छ हवी. पाल्यात पडलेली बी दिसत नाही, दोन दिवसांनी हाती लागते तोवर काळी पडते. झाडलेला पाला फांद्यांच्या टोकाखाली गोल बांधासारखा लावा, खोडाशी नको. खोडकिडा बघायला बुंधा उघडा लागतो. भुसा आणि डिंक बाहेर आलेला दिसला तर तारेने अळी काढायची हीच वेळ. बी गळून पडलेलीच उचला, बोंडू पिळून काढा, दोन-तीन उन्हं द्या, हलवल्यावर खुळखुळली की गोणीत. ओले गर काढणार असाल तर हाताला आधी खोबरेल चोपडा, चिकाने कातडी सोलवटते.

परड्यात सुरंगी असेल तर तिच्याखाली पहाटे खराटा नको, आधी चादर अंथरा. ओल्या कळ्यांना वळेसर (गजरे) करणाऱ्यांकडे भाव मिळतो आणि सुकलेल्यांनाही गिऱ्हाईक आहे.

घाटपायथा | 4 मार्च, संध्याकाळी 5:15

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न: एवढा पट्टा खराट्याने दर आठवड्याला झाडायला दोन माणसं लागतात, आणि काजूच्या हंगामात माणूस मिळत नाही. पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर घ्यावा का?

जाळपट्टा | 4 मार्च, संध्याकाळी 6:30

पट्टा शंभर मीटरच्या पुढे असेल तर घ्या, भाड्याने मिळाला तर आणखी बरं. वनविभागही जाळरेषांवर तेच वापरतो. पहिल्यांदा पट्टा खराट्या-फावड्यानेच करावा लागतो, ब्लोअर फक्त नंतर पडलेला कोरडा पाला उडवतो. गवताची खुंटं आणि ओला पाला त्याला हलत नाहीत. सकाळी दव सुकल्यावर आणि खारा वारा सुटण्याआधी, साधारण नऊ ते अकरा. तोंड घराच्या बाजूला ठेवून उडवा, वर सांगितलं त्याच कारणाने. नाकाला कापड, डोळ्यांना चष्मा, कानाला बोळे. टू-स्ट्रोक असेल तर लिटरला किती मिली ऑइल हे यंत्रावर लिहिलेलं असतं, तेच घाला. कमी घातलं तर पिस्टन धरतो, जास्त घातलं तर प्लगला काजळी.

आणि बंद केल्यावर तो पातेऱ्यावर टेकवू नका, सायलेन्सर पाला पेटवण्याइतका तापलेला असतो. उघड्या मातीवर दहा मिनिटं गार होऊ द्या, पेट्रोल त्यानंतर भरा.